शालिग्रामची फटफटी आणि दौलतसिंगचे बैल

शालिग्राम मिस्त्री मूळचा आसेगावचा. घरी शेती होती, पण ती पाहायला दोन थोरले भाऊ होते आणि याचं मन मातीत कधी रमलंच नाही. लहानपणी औत घेऊन शेतात धाडलं, तर हा वखर उलटा करून त्याची लोखंडी पास किती झिजली ते बघत बसायचा आणि तोवर बैल शेजारच्याच्या ज्वारीत शिरलेले असायचे. सोळाव्या वर्षी बापाने त्याला मंगरूळपीरच्या एका कापसाच्या जिनात इंजिनाला तेल घालायच्या कामावर लावून दिलं. तिशीला येईपर्यंत तो तिथला मुख्य मिस्त्री झाला. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडे, आणि या मुलखात बिघडलेलं इंजिन म्हटलं की लोक शालिग्रामचं नाव घेत.

जिनाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. कापूस संपला की पट्टे उतरायचे, इंजिन थंड पडायचं, आणि शालिग्राम मोकळा. मग उन्हाळाभर तो गावोगावच्या पिठाच्या चक्क्या दुरुस्त करत हिंडे. कुणाकुणाच्या विहिरीवर नव्याने तेलाची इंजिनंही बसू लागली होती. हत्यारांची पेटी सायकलला बांधायची आणि निघायचं. मानोऱ्याचं काम निघालं की जाऊन यायला दोन दिवस लागत, आणि पेटीच्या वजनाने सायकलचे आरे तुटत ते वेगळंच.

चोपन्न सालच्या ऐन हंगामात जिनाच्या इंजिनाचा पिस्टन अडकला. कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर अर्धा मैल लागलेल्या. मालक शेठजी मुंबईहून फिटर बोलवायला निघाले होते, पण शालिग्रामने दीड दिवसात इंजिन खोललं, घासलं, जोडलं आणि चालू करून दिलं. शेठजी खूश झाले. म्हणाले, "बोल, काय पाहिजे?"

"सरकीच्या गोडाऊनमधली फटफटी," शालिग्राम म्हणाला.

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात शेठजींनी ती विलायती फटफटी घेतली होती. तीन वर्षं फिरवली, मग जीप आली आणि फटफटी गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात गेली. पाच वर्षांत उंदरांनी सीटमध्ये बिऱ्हाड केलं होतं. शेठजी हसले. "ते भंगार? ने बाबा. जागा तरी मोकळी होईल."

दोन महिन्यांत शालिग्रामने ती चालू केली. चालू केली एवढंच. सायलेन्सर गंजून गळून पडला होता, म्हणून इंजिनातून निघालेला नळा सरळ मागे उघडा सुटलेला. पुढचा ब्रेक नावालाच; मागचा दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी निघे, पण गाडी थांबे ती तिच्या मर्जीने. टायरांची नक्षी पार पुसून गेली होती आणि मागच्या टायरात एका जागी आतलं कापड दिसत होतं. शालिग्रामला यातलं काहीच खटकलं नाही. मानोरा आता सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर आला होता. तेवढ्यावर तो हरखून गेला.

त्याची बायको तुळसाबाई मेडशीची. तो एकदा म्हणाला, "चाल, तुले माहेरी नेतो फटफटीवर."

ती भाकरी थापतच म्हणाली, "माहेरी जायचं हाय का वरात काढायची हाय? त्या आवाजानं दोन कोसांवर समजते का तुमी येऊन राह्यले म्हणून. मी नाई बसत."

त्या चैत्रात रामनवमीच्या आदल्या दिवशी शालिग्राम मानोऱ्याच्या एका चक्कीकडे निघाला होता. पोहरादेवीची जत्रा असल्यामुळे वाटेवर बंड्यांची रांग लागली होती. बंजाऱ्यांच्या तांड्यांतांड्यांतून माणसं निघालेली, बायकांच्या ओढण्यांवरची आरसेकवडी उन्हात चमकत होती. शालिग्रामने रांगेच्या कडेने फटफटी पुढे काढली, आणि समोर खड्डा दिसला म्हणून वेगाच्या मुठीवरचा हात सैल सोडला. उघड्या नळ्यातून बंदुकीसारखा बार झाला.

सगळ्यात जवळ वाटेवरच्या एका तांड्यातल्या दौलतसिंगची बंडी होती. त्याचे बैल, बाज्या आणि चांद्या, शेपट्या वर करून उधळले. बंडी वाट सोडून बांधावर चढली आणि कलंडली; बैल सुटून शेतात पळाले आणि दौलतसिंग त्यांच्यामागे धावला. आत दौलतसिंगची म्हातारी आई मोतीबाई आणि त्याची बायको रुपाबाई होत्या. भोगासाठी घरून आणलेला तुपाचा डबा होता, तो ढेकळांत रिकामा झाला.

शालिग्राम फटफटी तशीच आडवी टाकून धावला. रुपाबाई स्वतःच उठून उभी राहिली होती. मोतीबाईचं मनगट मुरगळलं होतं, पण तोंड शाबूत होतं.

"माहा बाप वाघाच्या रानातून बैलायचा लमाण घेऊन जाये," ती म्हणाली. "मी त्या वाघाले नाई भेली. अन् आज तुह्या या डब्ब्यानं मले उताणं पाडलं?"

शालिग्रामने तिला हात देऊन बांधावर बसवलं. तोवर दौलतसिंग लांब शेतातून बैल धरून परतला. उंच, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. तो ओरडेल, कदाचित मारेलही, असं शालिग्रामला वाटलं. दौलतसिंगने आधी बाज्याच्या पायांवरून हात फिरवला, मग चांद्याच्या. मग म्हणाला, "जू मोडलं माहं."

शालिग्रामने पेटी उघडली. दोन लोखंडी पट्ट्या होत्या, त्या चिरलेल्या जुवाच्या वरून-खालून लावून त्याने बोल्ट आवळले, वरून तार गुंडाळली. अर्धा तास लागला. दौलतसिंग शेजारी उकिडवा बसून त्याचे हात बघत होता.

"हात चांगले हायेत तुहे," तो शेवटी म्हणाला. "मंग हे जनावर असं काहून ठेवलं?"

हा प्रश्न शालिग्रामला फार लागला. जिनात एखाद्या इंजिनाचा नुसता सूर बदलला तरी त्याला जेवण गोड लागत नसे, आणि स्वतःची गाडी त्याने भुंकत सोडली होती. तो म्हणाला, "दौलतभाऊ, तुमचे बैल हिच्या बाजूनं बिनधास्त उभे राहतीन, तवाच मी हिले बंड्यायच्या रस्त्यानं चालवीन. तोवर बंडी दिसली का बंद करून ढकलत नेईन."

"पाहू," दौलतसिंग म्हणाला, आणि जत्रेची वाट धरली.

घरी येऊन त्याने तुळसाबाईला सगळं सांगितलं. चार दिवसांनी तो म्हातारीला बघायला दौलतसिंगच्या तांड्यावर निघाला तेव्हा तिने शिंक्यावरचं तूप एका बरणीत भरून त्याच्या पिशवीत ठेवलं. "त्या बुढीच्या हाती देजा," ती म्हणाली. "भोग चुकला तिचा." मोतीबाईने बरणी घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "बायको शहाणी दिसते तुही." मनगट बरं व्हायला तिला महिना लागला.

आता सायलेन्सरचं काम सुरू झालं. शालिग्रामने जिनातल्या मोडीतून हातभर जाड नळा शोधला आणि त्याच्या आत भोकं पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या एकामागे एक बसवल्या. आवाज विझला खरा, पण धुराला बाहेर पडायला वाटच उरली नाही. इंजिन गुदमरलं, नळा तापून लाल झाला आणि तांड्याच्या अलीकडे चढावर फटफटी जी बसली ती उठेना. ढकलत नेऊन त्याने ती बाज्या-चांद्यासमोर उभी केली. बैल शांत होते.

"आवाज तर नाई," दौलतसिंग म्हणाला. "पण चालूनबी नाई राह्यली!"

तांड्यातली सगळी माणसं हसली. शालिग्रामही हसला, आणि मग चार-पाच कोस ढकलत घरी आला.

दुसऱ्या वेळी त्याने चकत्या काढल्या. नळ्याच्या आत भोकांचा दुसरा बारीक नळा घातला आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत आवाज गिळेल असं काहीतरी ठासायचं ठरवलं. हाताशी काय होतं? जिनात कापसाला काय तोटा! त्याने रुई ठासून भरली आणि जिनाच्या आवारातच इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांत जळक्या कापसाचा वास सुटला. जिनात या वासाइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. शेवटच्या गाठी अजून आवारात पडल्या होत्या. कुणीतरी घंटा बडवली, हमाल बादल्या घेऊन धावले, मॅनेजरसाहेब एका पायात चप्पल घालून बाहेर आले. आग कुठे आहे ते कुणालाच दिसेना. शेवटी फटफटीच्या शेपटातून निघणारा पांढरा धूर सापडला आणि तिच्यावर चौदा बादल्या पाणी पडलं. मॅनेजरसाहेबांनी शालिग्रामला बोलावून एकच सांगितलं, "ही वस्तू फाटकाच्या आत पुन्हा दिसता कामा नये."

मग घरापुढच्या बाभळीखाली काम चालू झालं. कापसाच्या जागी त्याने जिनातल्या कातायच्या लेथवर निघणारा लोखंडाचा कीस भरला. तो जळत नाही, आणि आवाज बऱ्यापैकी पितो. इंजिनही मोकळा श्वास घेऊ लागलं. तिसऱ्यांदा तांड्यावर गेला तेव्हा चांद्या कान हलवून गप्प उभा राहिला. बाज्या मात्र मधेच दचकला आणि त्याने खुंटा उपटला.

शालिग्राम खट्टू झाला. "इतकी हळू केली, तरी काहून भेते हा?"

दौलतसिंग बाज्याची मान खाजवत विचार करत होता. "पुन्ना चालू कर. अन् हात कमी-जास्त करून पाहाय."

शालिग्रामने तसं केलं. इंजिन चढवताना बैल शांत राही. हात सोडला की नळ्यात मधूनच 'फाट्ट' असा बारीक बार होई, आणि त्याच क्षणी बाज्याच्या पाठीची कातडी थरथरे.

"फटफट चालते त्याले," दौलतसिंग म्हणाला. "एकसारखा आवाज असला का बैल समजून घेते. थो मधातला फाट्ट नाई चालत. थो अचानक येते ना!"

शालिग्राम वाकून नळ्याचा सांधा बघू लागला. हा बार होतो तो नळ्याच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते म्हणून, हे त्याला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, पण आवाज एवढा मोठा असताना त्यातला एक बारीक आवाज वेगळा काढून ऐकायचं त्याला सुचलं नव्हतं. परत येताच त्याने जिनातल्या लेथवर तांब्याचं कडं कातून इंजिन आणि नळ्याच्या सांध्यात बसवलं आणि वरून पट्टी आवळली. बार बंद झाला.

चौथ्या खेपेला बाज्या फटफटीपासून हातभर अंतरावर बसून रवंथ करत होता. शालिग्रामने हात चढवला, सोडला, पुन्हा चढवला. बाज्याने डोळे मिटून घेतले. मोतीबाई झोपडीच्या दारातून म्हणाली, "झोपला थो. आता बंद कर, नाईतर मलेबी झोप येईन."

दौलतसिंग म्हणाला, "आता आण खुशाल."

पण आवाज गेला आणि नवीच पंचाईत झाली. आतापर्यंत गाडी येते हे सगळ्यांना कोसभर आधी कळायचं; माणसं, कोंबड्या, कुत्री आपापली बाजूला व्हायची. आता कुणी हलेना. एकदा आसेगावच्या शिवारात वळणावर बकऱ्यांचा कळप वाटेतच बसलेला. शालिग्रामने दोन्ही ब्रेक दाबले. काही झालं नाही. बकऱ्या वाचवायच्या म्हणून त्याने हँडल वळवलं आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुंपणात घुसला. बाहेर आला तेव्हा अंगावर ओरखडे होते, केसांत काड्या. बकऱ्या अजून तिथंच बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्याने दोन्ही चाकं उतरवली. ब्रेकच्या शूवरचं लायनरचं अस्तर झिजून रिव्हेटांची डोकी उघडी पडली होती आणि त्यांनी ड्रमच्या आत खोल रेघा पाडल्या होत्या. आधी लेथवर ड्रम आतून साफ केले. एका ट्रकवाल्याने दिलेल्या जुन्या लायनरमधले चांगले तुकडे कापून शूवर बसवले, आणि जिनाचे पट्टे जोडायला वापरतात ते तांब्याचे रिव्हेट लावले. डोकी नीट आत दाबली. ड्रमला खडू फासायचा, चाक फिरवून ब्रेक दाबायचा, लायनरवर जिथे खडू लागेल तेवढंच कानशीने घासायचं, असं तो दोन दिवस करत होता. तुळसाबाई म्हणाली, "इतकं तर मी पुरणबी वाटत नाई."

ब्रेक लागला, आणि असा लागला की पहिल्याच दाबाला मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. मुरमाच्या वाटेवर फटफटी गर्रकन फिरली आणि शालिग्राम ज्या गावाहून आला त्याच गावाकडे तोंड करून उभा राहिला. लायनरच्या कडा त्याने काटकोनात ठेवल्या होत्या; त्या ड्रमला एकदम चावत होत्या. कडा उतरत्या घासल्यावर ब्रेक हळूहळू धरू लागला. तरी घसरणं पूर्ण जाईना. मग त्याने वाकून टायरांकडे पाहिलं. इतके दिवस आत जुन्या टायराचा तुकडा कोंबून तो काम भागवत होता. ब्रेकने चाक धरलं तरी गुळगुळीत टायर रस्ता कसा धरणार?

टायर मंगरूळला मिळण्यासारखे नव्हते. तो सर्व्हिस मोटारीने अकोल्याला गेला आणि लष्करी सामान विकणाऱ्या एका दुकानात दुपारभर टायर निवडत बसला. नख रोवून, वाकवून, आतून हात फिरवून बघे. दुकानदार कंटाळून जेवून आला. पुढच्यासाठी लांब रेघांचा घेतला, मागच्यासाठी चौकोनी गाठींचा, मूळच्यापेक्षा थोडा रुंद. तो चिखलगार्डला घासू लागला, म्हणून गार्डच्या दांड्याला वायसर घालून त्याने ते बोटभर बाहेर सरकवलं. मग फटफटी जी रस्त्यावर आली, ती पाय रोवून चालू लागली. शालिग्राम मुद्दाम सकाळीच जिनामागच्या मोकळ्या वाटेवर जायचा, वेग धरायचा, ब्रेक दाबायचा आणि सरळ रेषेत थांबायचा. उतरून मातीतली खूण बघायचा, आणि पुन्हा तेच.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर भाऊबिजेला तुळसाबाईला माहेरी जायचं होतं. मोटारींना गर्दी होती. ती आपणहून अंगणात आली, फटफटीच्या मागच्या फळीवर त्याने बसवलेली रुईची गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "हळू नेता का?"

"तू म्हणशीन तशी नेतो."

 वाशीम आलं तरी तिने त्याचा सदरा मागून मुठीत धरलेलाच होता. मालेगाव मागे पडल्यावर मूठ सुटली. मेडशीच्या अलीकडच्या उतारावर समोरून दोन म्हशी आडव्या आल्या. शालिग्रामने ब्रेक दाबला. गाडी जराही न डगमगता थांबली. म्हशी सावकाश पार झाल्या.

"थांबली की हो!" तुळसाबाई म्हणाली. तिच्या आवाजातलं नवल ऐकून शालिग्रामला शेठजींच्या शाबासकीपेक्षाही जास्त आनंद झाला. गावाजवळ आल्यावर तिने त्याच्या खांद्यावर बोट ठोकलं. "जरा हॉर्न वाजवा. कोणाले समजनच नाई मी आली म्हणून."

पुढच्या वर्षी शालिग्रामने जिनातलं काम हंगामापुरतं ठेवून मंगरूळच्या मोटारतळाजवळ छोटं दुकान टाकलं. त्या मुलखात तेव्हा जेमतेम सात-आठ फटफट्या असतील. त्या सगळ्या त्याच्याकडे येऊ लागल्या. कुणी नुसतं इंजिन दाखवायला आला, तरी शालिग्राम आधी टायर बघे, मग ब्रेक, मग सांध्याला कान लावे. "इंजिनाचं मंग पाहू," तो म्हणे. गिऱ्हाईक कुरकुरे, पण गाडी घेऊन गेल्यावर पुन्हा त्याच्याकडेच येई.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात एक दिवस दौलतसिंग दुकानात आला. त्याने विहिरीवर तेलाचं इंजिन घ्यायचं ठरवलं होतं. "बसवून तूच देजो," तो म्हणाला. शालिग्राम गेला. सकाळपासून पाया सरळ केला, पाइप जोडले, आणि उन्हं कलायच्या आत इंजिनाने विहिरीतलं पाणी उपसून पाटात टाकलं. रुपाबाईने हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मोतीबाई काठी टेकत आली आणि पाटात दोन्ही पाय सोडून बसली.

रुपाबाईने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा आणला. जेवण झाल्यावर शालिग्रामला आठवलं, पुढे मानोऱ्याला एक चक्की बघायची होती. तो उठू लागला, तर दौलतसिंगने घोंगडी पसरली.

"चक्की पळून जात नाई," तो म्हणाला. "पड जरासा."

शालिग्राम कडुनिंबाच्या सावलीत आडवा झाला. इंजिन एका सुरात चाललं होतं, त्यात कुठे खोट नव्हती, हे तो डोळे मिटूनही ऐकत होता. मग थोड्या वेळाने त्याने तेही ऐकणं सोडून दिलं, आणि चक्कीला तो दुसऱ्या दिवशी गेला.